चिनी वाडग्यावरचं पाचवं नाव

आमच्या घरात निळ्या वेलबुट्टीचा एक चिनी मातीचा वाडगा होता. ओंजळीत मावेल एवढाच. माझी आजी सुईण होती, निजामाच्या राज्यात बीडच्या एका जहागीरदाराच्या घरी तिनं बेगमेचं अडलेलं बाळंतपण सोडवलं आणि बेगमेनं खूश होऊन तो वाडगा तिच्या हातात ठेवला. आजी सोवळ्याची लई कडक. चिनी मातीचं भांडं देवापुढं चालत नाही म्हणून तिनं त्यात लिंबाचं लोणचं घातलं, पण वाडगा धुवायचा तो तिनंच, दुसऱ्या कुणी हात लावलेला चालायचा नाही.

आमच्याकडं लग्नात पोरीला दिलेल्या भांड्यांवर नाव घालतात. सासरी जावाजावांची भांडी एकत्र होतात. नाव नसलं की वाटी गेलीच म्हणून समजा. आजीनं माझ्या आईला तो वाडगा लग्नात द्यायचं ठरवलं तेव्हा नाव घालायचा हट्ट धरला. वाडग्याच्या बाहेरच्या अंगाला, बुडाकडं, आधी आजीचं, खाली आईचं. तांब्यापितळेवर ठोकून नाव घालणारा चिनी मातीला हात लावेना, म्हणून काच कापणाऱ्याला गाठून त्याच्या हिऱ्यानं कोरून घेतलं. माझ्या लग्नात माझं नाव पडलं. या तिघींच्या वर, बारीक बारीक टिंबांनी काढलेलं एक नाव उर्दूत होतं, ते बेगमेच्या घरातलं.

माझी मुलगी पुण्याला पुरातत्त्व शिकायला गेली. पहिल्याच सुट्टीत वडवणीला घरी आली आणि फळीवरून वाडगा काढून बसली. आता मी शाळेत मास्तरीण, जन्मभर दुसऱ्यांच्या पोरांना शिकवलं, आणि ही कालची पोर मला शिकवायला लागली. म्हणाली, आई, भांड्याचं तोंड बघू नको, बूड बघ. तोंडाला सगळेच रंग लावतात. तिनं वाडगा पालथा केला. बुडाच्या कडेला चकाकी नव्हती, कोरी पांढरी माती होती, आणि चकाकी संपते तिथं गंजासारखी तांबूस रेघ. कडेला वाळूचे चार कण चिकटून बसलेले. मी जन्मभर तो मळ समजून नखानं खरवडत होते. ती म्हणाली, भट्टीतली वाळू हाय ती, खरवडू नको, तिच्यावरूनच तर भांडं किती जुनं ते कळतं.

मग आमचा चहाचा कप आणून शेजारी ठेवला. कपावरच्या फुलांची पट्टी जिथं जुळते तिथं सांधा दिसत होता, कारण ती छापलेली. वाडग्यावरचं एक पान दुसऱ्यासारखं नव्हतं. कुंचला टेकला तिथं निळा रंग दाट आणि उचलला तिथं फिक्का. तिनं वाडगा उन्हात धरला तर पलीकडून तिच्या बोटांची सावली दिसली. मी कधी पाहिलीच नव्हती.

बुडाशी चिनी अक्षरं होती. मी म्हटलं, झालं मग, राजाचं नाव असेल, त्यावरून काळ काढायचा. ती हसली. म्हणाली, नावावरच तर सगळे फसतात. राजा मरून शंभर-दीडशे वर्षं झाली तरी तिकडचे कुंभार त्याचं नाव घालायचे. कुणी फसवायला घालायचे, पण लई जण मान म्हणून. म्हणून नाव वाचायचं आणि बुडाला विचारायचं. तिच्या हिशेबानं नाव जुन्या राजाचं आणि वाडगा त्याच्या बऱ्याच नंतरचा, तरी आमच्या आजीच्या आजीपेक्षा जुना होता.

आमची तीन नावं बघून मात्र तिनं कपाळाला हात लावला. काय केलंत हे, एवढ्या चांगल्या वस्तूची पार वाट लावली, म्हणून मला बोल बोल बोलली. मीही ऐकून घेणारी नाही. म्हटलं, वस्तू आमची, नाव आमचं, तुझ्या पुण्याच्या कॉलेजातल्या बाया कोण विचारणाऱ्या? तिचे वडील मध्ये पडले. त्यांचं विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी रिवायंडिंग करायचं दुकान, मुळात कमी बोलतात. त्यांनी वाडग्याला हळूच टिचकी मारली. आवाज बसका आला. मुलीनं वाडगा कानाशी धरला, मग बोटानं दाखवलं, माझ्या नावाच्या खालून केसासारखी एक चीर गेली होती. हिऱ्यानंच गेली असणार. आता याला हात लावू नका, फुटंल, असं तिनं दोघांनाही बजावलं.

निघायच्या दिवशी पिशवी भरताना मला बिलगून म्हणाली, "आई, मी काय बी बोलले असले तरी माझ्या लग्नात माझं नाव घाल बरं का त्याच्यावर. तुझ्या खाली."

पुढच्या सुट्टीत बीडहून स्कूटीवर येताना उसाच्या ट्रॉलीला धडकून ती गेली. ट्रॉली रस्त्यात बंद पडलेली, मागं ना लाल दिवा ना दगड ठेवलेला. जास्त लिहिता येत नाही मला त्याच्याबद्दल. लोक येऊन म्हणायचे, देवाला चांगली माणसं आवडतात. माझ्या तोंडात शिव्या यायच्या.

वर्ष झालं तेव्हा मी म्हटलं, वाडग्यावर तिचं नाव घालायचं. हे नाही म्हणाले. तीच सांगून गेली, हात लावू नका, असं म्हणाले. मी म्हटलं, तीच सांगून गेली, नाव घाल. ते म्हणाले, ते लग्नात घाल म्हणाली होती. त्या बोलण्यानं मला असं लागलं की मी चार दिवस त्यांच्याशी बोलले नाही. घरात दोघंच, आणि दोघांच्या हातात तिचं एकेक वाक्य. मी तिचं मागणं धरून बसलेले, ते तिची ताकीद धरून. ते रोज दुकानातून आले की फळीवर वाडगा आहे का बघायचे. मला दिसत होतं. त्यांना वाटायचं, तिनं सांभाळायला सांगितलेली ही एवढी एक तरी वस्तू आपल्या हातून जाऊ नये. आणि मला वाटायचं, आजी, आई, मी, आणि खाली कोरं. पुढं कुणी हा वाडगा पालथा करून बघितला, तर माझ्यापाशी आमचं घर संपलं असं समजेल. मला पोरगी होती हे त्याला कळायचंच नाही.

शेवटी मी एकटीच निघाले. ओढणीत वाडगा गुंडाळला, तिच्याच ओढणीत, आणि स्टँडवर गेले. बस सुटता सुटता हे चढले आणि शेजारी येऊन बसले. बीडला उतरलो.

लग्नसराई होती. नाव घालणाऱ्या मामूच्या टपरीवर स्टीलच्या भांड्यांचे ढीग, बाया चिठ्ठ्या घेऊन उभ्या. मामू पिढीजात या धंद्यातले, आता बारीक मशीन घेऊन बसतात. त्यांनी वाडगा बघितला, चीर बघितली आणि सरळ सांगितलं की ताई, गॅरंटी नाही. मी म्हटलं, चालेल. चिठ्ठी वाचून त्यांनी विचारलं, लग्न कधीचं हाय, चि. सौ. कां. घालू ना? मी म्हटलं, लग्न नाही. त्यांनी माझ्याकडं बघितलं, यांच्याकडं बघितलं, आणि आवाज उतरवून विचारलं, मग कै. घालायचं का?

मी म्हटलं, "नुसतं नाव घाला."

मशीन सुरू झालं. पहिलं अक्षर चांगलं उमटलं. दुसऱ्याच्या कान्यावर टक्कन आवाज आला आणि मामूंच्या हातात वाडग्याच्या दोन फाका झाल्या. मशीन बंद करून ते 'या अल्ला' म्हणाले आणि मान खाली घालून बसले. मला वाटलं, आता हे बोलणार. बोलायलाच पाहिजे होतं त्यांनी, मी ऐकून घेतलं असतं. दुसऱ्यांदा गेली पोरगी माझी, आणि या वेळी मीच तिला घेऊन आले होते.

हे पुढं झाले. मामूंच्या हातातून दोन्ही फाका घेतल्या, कडेला कड लावली आणि दोन्ही तळव्यांनी अशा दाबून धरल्या की चीर दिसेना. फुटकी कड टोचून तळव्याला रक्त आलं होतं, तिकडं त्यांचं लक्षच नव्हतं.

"मी धरतो," ते मामूंना म्हणाले. "तुमी राहिलेलं नाव पुरं करा."