प्रज्ञाले पाहाले आले अन् हवा लाल झाली

चहाचा कप आधी खाली ठेवा बाप्पा, नाही तं ठसका लागन अन् बदनाम मी होईन. आधीच काय कमी झालो? झालं असं, का माह्या पोरीचं, प्रज्ञाचं, जमत आलेलं लग्न मी एका सकाळी जवळपास मोडूनच टाकलं होतं. कशानं? हवेनं!

आमच्या सौंसरची हवा कशी, तर उन्हाळ्यात फुफाटा अन् हिवाळ्यात सकाळी धुकं. कापूस निघाला का वावरात पऱ्हाटीची वाळली झाडं जाळतेत, तो धूर गावावर येऊन बसते. काही दिवस घसा खवखवते, मंग वारा सुटला का सारं साफ. आमचे आजे-पणजे याच हवेत म्हातारे झाले.

पण त्यायच्याजवळ मोबाईल नव्हता न!

माह्या मोबाईलमंदी हवा सांगणारं ॲप आहे. एका सकाळी उघडून पाहालं, तर लालभडक! मधात तोंडाले फडकं बांधलेलं एक रडकं तोंड. दुसऱ्या दिवशी जांभळं. मी हादरलो.

"प्रज्ञाची आई, खिडक्या लाव! हवा जहर झाली!"

"मी आत्ता आंगण झाडून आली. मले तं काही नाही झालं."

"तुले डोळ्यानं दिसत नाही, ते मशीनले दिसते!"

बायकोनं खिडकी लावली, पण माह्याकडे असं पाहालं, का जहर मीच होय.

आता नेमके त्याच आठवड्यात रविवारी पांढुर्ण्याहून पाहुणे येणार होते. पोरगा निखिल, शाळेत मास्तर. प्रज्ञाले तो फोटोतच आवडला होता, हे तिच्या आईनं मले हळूच सांगून ठेवलं होतं. म्हणजे माही जबाबदारी केवढी! सोयऱ्यांच्या छातीत जहर जाऊन चालन का? सांगा बरं!

मी सारी दारं-खिडक्या बंद केल्या. फटीत ओले टॉवेल कोंबले. कोरोनाच्या वेळचे मास्क पेटीतून काढले अन् तिघांच्याही तोंडाले लावले. प्रज्ञा म्हणे, "बाबा, ते मले पाहाले येऊन राहिले का ऑपरेशन कराले?" मी ऐकतो कुठं!

पाहुणे दारात आले. निखिल, त्याची आई, त्याचे बाबा.

"जय भीम, जय भीम! या, लवकर आत या! दार लावाचं आहे!" मी एकेकाले हाताले धरून आत ओढलं.

घरात अंधार, अन् समोर तोंडं बांधलेली माणसं. निखिलच्या आईनं पदर नाकाले लावला.

"घरात कोणी बिमार आहे का भाऊ?"

"अजून तं नाही जी. पण केव्हाही होऊ शकते!"

"अन् पोरगी?"

"तिले तं मी चार दिवसापासून बाहेरच निघू देत नाही. छातीचं काम आहे, जपा लागते!"

निखिलचे बाबा खुर्चीच्या टोकावर सरकले. मले वाटलं, माही काळजी पाहून भारावले. मी अजून जोरात म्हटलं, "आमच्याच घरची गोष्ट नाही हो! साऱ्या मोहल्ल्यात हेच आहे!"

तेवढ्यात आत बायकोनं पोह्यासाठी तर्रीची फोडणी दिली. बंद घरात लाल तिखटाची फोडणी! धूर जाईन कुठं? आधी बायको खोकलली, मंग प्रज्ञा, मंग मी. असा खोकला, का भिंतीवरचं कॅलेंडर हललं. डोळ्यातून पाणी, तोंडातून शब्द निघेना. निखिलच्या आईनं बॅग उचलली.

"आमी निघतो भाऊ. आमची बस आहे."

"अहो, पोहे..."

"नोको, नोको! तुमी औषध घ्या!"

तेव्हा कुठं माह्या डोक्यात उजेड पडला. पण खोकल्यात सांगू कसा? हातवारे करून राहिलो, तर ते अजूनच मागे सरकले.

प्रज्ञा बाहेर आली. हातातला ट्रे ठेवला, मास्क काढून फेकला, धडाधड खिडक्या उघडल्या अन् म्हणाली, "काकू, या घरात कोणाले बिमारी नाही. बिमारी बाबाच्या मोबाईलले आहे. पाहून घ्या, मंग खुशाल जा."

निखिलनं माहा मोबाईल घेतला. पाहालं. अन् असा हसला, का आता त्यालेच ठसका लागला.

"काका, ही हवा दिल्लीची आहे!"

आता आठवलं! दिवाळीत दिल्लीले लहान भावाकडे गेलतो, तवा पुतण्यानं हे ॲप टाकून देल्लं होतं. वर बारीक अक्षरात दिल्लीच लिहून होतं, पण चष्म्याशिवाय मले नुसतं ते रडकं तोंड दिसे!

निखिलनं सौंसर टाकलं. पिवळं निघालं. म्हणजे अगदी साजूक नाही, पण माणसं जगण्याजोगी. बाहेर पाहालं तर वारा सुटला होता अन् सातपुड्याचे डोंगर धुतल्यावाणी निळे दिसत होते.

मंग खुर्च्या आंगणात गेल्या. उन्हात बसून साऱ्यांनी तर्री-पोहे दोन-दोनदा घेतले. प्रज्ञा अन् निखिल लिंबाच्या झाडाखाली बोलत उभे राहिले, ते बोलावलं तरी येत नव्हते. निखिलची आई म्हणाली, "पोरगी पसंत आहे ताई. डोकं शांत आहे तिचं, अन् हिंमत बी आहे. तुमच्यावर गेली!"

मी मान ताठ करून म्हटलं, "थोडी माह्यावर बी गेली असन!"

निखिलच्या बाबानं घाईघाईनं पोह्याचा घास तोंडात कोंबला. मंग निखिलच्या आईनंच विचारलं, "ताई, तुमचं लग्न कसं जमलं होतं हो?"

बायकोनं माह्याकडे पाहालं, चहाचा घोट घेतला अन् म्हणाली, "माहे बाबा ह्यायले पाहाले आले न, त्या दिवशी भल्लं धुकं होतं."