घरटं जवळ ओढताना

लखनौमध्ये काढलेल्या माझ्या एका फोटोचं अजूनही कुणी कौतुक केलं की मला ते ऐकवत नाही. मी विषय बदलतो आणि समोरच्याला वाटतं, काय हा माणूस विनयशील! कसला विनय न कसलं काय. आता सगळं सांगूनच टाकतो, म्हणजे निदान पुढचं कौतुक तरी टळेल.

सत्तरच्या दशकात मी औषधसंशोधनाच्या नोकरीसाठी लखनौला गेलो. आठवडाभर उंदरांना सुया टोचायच्या आणि रविवारी पक्ष्यांचे फोटो काढायला तालावर जायचं, हा माझा क्रम. आपण ज्याला तळं म्हणतो त्याला तिकडे ताल म्हणतात. शहर संपलं की लगेच असे उथळ, गवताने भरलेले ताल लागायचे. आज जानकीपुरम, विकास नगर म्हणून जिथे घरांच्या रांगा आहेत, तिथेसुद्धा मी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाणबगळे टिपलेत.

बरोबर असायचे आमचे बँकवाले. एका बँकेत अधिकारी, मूळचे नागपूरचे, माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठे. स्कूटर त्यांची, मोठी लेन्स त्यांची, इंग्रजी पुस्तकं वाचून जमवलेलं ज्ञानही त्यांचं. माझा फक्त जड रशियन कॅमेरा. ते मला 'डॉक्टर' म्हणत. माझी डॉक्टरी रसायनशास्त्रातली, पण त्यांच्या तोंडून ऐकताना बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

हिवाळ्यात धुक्यामुळे दहा वाजेपर्यंत समोरचं काही दिसत नसे. नुसता बदकांचा आवाज ऐकत, नाक पुसत बसायचं. धुकं उठलं की बंदूकवाले साहेब लोक यायचे. जीपच्या बॉनेटवर माना लोंबणारी बदकं बांधून, शेजारी उभं राहून फोटो काढून घ्यायचे. एकदा त्यांच्यातल्या एकाने, "भाईसाहब, ज़रा हमारी भी एक खींच दीजिए," म्हणून मलाच विनंती केली. मी नकार दिला आणि परत येताना आम्ही दोघांनी स्कूटरवरून त्यांना यथेच्छ शिव्या घातल्या. लाज नाही, शरम नाही, जीव घेऊन वर मिरवतात, वगैरे. आम्ही कसे वेगळे, यावर बँकवाले चारबाग स्टेशन येईपर्यंत बोलत होते.

उन्हाळ्यात ताल आटायचा. उरलेल्या चिखलात मासे तडफडून मरायचे आणि असा काही वास सुटायचा की घरी आल्यावर बायको मला अंगणातच अंघोळ करायला लावायची. "अहो, हा छंद आहे की प्रायश्चित्त?" असं ती विचारायची. त्या घाणीत म्हशी, कुत्री, करकोचे सगळे एकत्र. लू, म्हणजे तिकडचा भाजून काढणारा उन्हाळी वारा, चालू असताना तिथे उभं राहून मीही हावरटासारखा फोटो काढत असे, कारण पाणी कमी झालं की पक्षी जवळ येतात. मरणाऱ्या माशांमुळे आपली सोय होते, याचं तेव्हा मला काही वाटलं नाही.

मग पावसाळा. अमौसीच्या विमानतळापलीकडे एका गावाच्या तालात शिंगाड्याची लागवड होती. शिंगाड्याचा वेल पाण्यात आणि पानांचे झुबके वर तरंगत असतात. पाण्यात छातीपर्यंत उतरून एक म्हातारा त्याची निगराणी करायचा. आम्ही त्याला 'चाचा' म्हणत असू. ऐंशीच्या दशकातल्या एका ऑगस्टमध्ये त्यानेच आम्हाला बोट करून दाखवलं: त्या पानांवर कमळपक्ष्याचं घरटं होतं. घरटं म्हणजे काय, चार ओली पानं आणि काड्या. त्यावर चार अंडी, तांब्याच्या भांड्याला चिंच लावून घासल्यावर येते तशी झळाळी असलेली.

या पक्ष्यात मादी अंडी घालून निघून जाते आणि नर एकटा उबवतो. लांब काळी शेपटी, पांढरेशुभ्र पंख, मानेवर सोनेरी पट्टा असा तो नर अंडी पंखाखाली दाबून बसलेला पाहिला आणि मी वेडा झालो. घरी येऊन सांगितलं तर बायको म्हणाली, "बघा, पक्षीसुद्धा पोरं सांभाळतात." आमची मुलगी दहा वर्षांची होती. मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र हिंदीतच यायचं. तिने विचारलं, "बाबा, बच्चे कब निकलेंगे?" मी म्हटलं, आठ-दहा दिवसांत. तेव्हापासून ती रोज विचारू लागली.

अडचण अशी की घरटं काठापासून शंभर फूट आत होतं. आमच्या लेन्समधून पक्षी मोहरीएवढा दिसायचा. खाकी कापडाची झोपडी करून आम्ही काठावरच्या पाण्यात लपून बसायचो, पण हाती काही लागत नव्हतं. तेव्हा बँकवाल्यांनी पुस्तकातली पद्धत काढली. तरंगतं घरटं असेल तर त्याला दोरी बांधायची आणि रोज थोडं थोडं जवळ ओढायचं. पक्ष्याला कळत नाही, तो मागोमाग येतो. त्या काळात घरट्यांचे फोटो काढणारे हौशी लोक असले उद्योग सर्रास करत. मध्ये येणारी फांदी छाटायची, पानं बाजूला बांधायची, फोटो स्वच्छ यायला हवा. याला आम्ही 'साफसफाई' म्हणत होतो. काय शब्द शोधला होता!

चाचाला विचारलं, तर त्याने मान हलवली. "न बाबूजी, जहाँ है वहीं रहन देव. हम भी तो बगल से निकल जात हैं." आणि खरंच, तो तण काढताना त्या झुबक्याभोवती दोन हात जागा सोडून जायचा. तेवढा तुकडा त्याने तणाच्या हवाली केला होता असं म्हणा, किंवा पक्ष्याच्या. त्याला फोटो हवा नव्हता, त्यामुळे त्याला अक्कल होती.

मग राखी आली. चाचा तीन दिवसांसाठी बहिणीच्या गावी गेला. बँकवाले मला म्हणाले, "डॉक्टर, ही संधी परत येणार नाही." मी नको म्हणालो का? नाही. मी रजेचा अर्ज टाकला.

पहिल्या दिवशी पाण्यात उतरून मी स्वतः दोरी बांधली. पायाला जळवा लागल्या, चिखलाचा बुडबुडा फुटून कुजकट वास आला, पण मी खूश होतो. झुबका ओढला तेव्हा खालचा वेल ताणला गेला आणि सरकेना, म्हणून मी तो विळ्याने कापला. घरटं पस्तीस फूट जवळ आलं. नर दूर उडून गेला, ओरडला, पण तासाभरात परत येऊन बसला. "बघा!" बँकवाले म्हणाले. दुसऱ्या दिवशी आणखी चाळीस फूट. आणि मागे बाकीची पानं गर्दी करत होती, फोटोत खुपत होती, म्हणून ती मी उपटून फेकली. आता घरट्याभोवती नुसतं चकचकीत पाणी राहिलं. पाण्यात आकाश दिसत होतं. फारच सुंदर दिसत होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी झोपडीत शिरलो. उजेड असा की देवाने मुद्दाम दिल्यासारखा. नर बसलेला. मी कॅमेऱ्यातून बघितलं आणि दोन मिनिटांत माझ्या लक्षात आलं की घरटं खाली बसलंय. वेल कापल्यावर पानं पिवळी पडून पाणी प्यायला लागली होती, आणि दोरीच्या फासाने झुबका चेंगरला होता. अंडी अर्धी पाण्यात होती.

आता जे झालं ते नीट सांगतो. या पक्ष्याला घरटं धोक्यात वाटलं की तो चोच आणि छातीमध्ये अंडं धरून शेजारच्या पानावर नेतो. मला हे माहीत होतं. बँकवाल्यांच्याच पुस्तकात होतं. नर उठला, त्याने एक अंडं छातीशी धरलं आणि शेजारचं पान शोधायला निघाला. शेजारी पान नव्हतंच. मीच उपटलं होतं. तो कडेपर्यंत गेला, पंख अर्धे उघडले, तोल सांभाळला, परत आला. अंडं खाली ठेवलं, दुसरं उचललं, दुसऱ्या कडेला गेला. परत आला. असं किती वेळ चाललं होतं सांगता येत नाही.

मी पाच पावलांवर होतो असं नाही, पण पंचवीस फुटांवर नक्की होतो. पाणी मांडीएवढं. बाजूला मीच उपटून फेकलेल्या पानांचा ढीग पडला होता. तो उचलून घरट्याखाली सारायला मला दहा मिनिटं लागली असती. शेजारी बसलेले बँकवाले कुजबुजले, "डॉक्टर, अहो, ते बुडतंय." एवढं श्रेय त्यांना द्यायला हवं.

मी म्हणालो, "थांबा, रोल संपू दे."

छत्तीस फोटोंचा रोल होता. मी तो संपवला. घाई केली नाही, प्रत्येक फोटोला उजेड तपासला. शेवटच्या फोटोंपर्यंत चारही अंडी पाण्याखाली गेली होती आणि तो त्यांच्यावर, पोटापर्यंत पाण्यात, पंख पसरून बसला होता. मग आम्ही उतरलो, पानं सारली, अंडी वर काढली. ती थंडगार होती. नर परत आला, त्यांच्यावर पुन्हा बसला. आम्ही स्कूटर सुरू केली तेव्हाही बसलेला होता.

पुढच्या रविवारी चाचा भेटला. तो ओरडेल, हाकलेल, अशी माझी तयारी होती. त्याने दोरी नीट गुंडाळून ठेवली होती, ती माझ्या हातात दिली. "चार दिन बैठा रहा बाबूजी," एवढंच म्हणाला आणि शिंगाड्यात उतरला. जनाची नाही तर मनाची तरी लाज असावी म्हणतात; माझं उलटं होतं. मला तेव्हा चाचाच्या त्या पाठीपुढे उभं राहवेना. बंदूकवाल्यांची मला आठवण झाली. त्यांनी निदान मेलेल्या बदकांना जिवंत म्हणून खपवलं नव्हतं.

घरी मुलगी दारातच होती. "बाबा, निकले?" मी बूट काढत होतो. खाली बघूनच म्हणालो, हो, निघाले. "कितने?" चार, म्हणालो.

त्या हिवाळ्यात शहरात छायाचित्रांचं प्रदर्शन होतं. बँकवाल्यांनी तो फोटो पाठवला, नावही त्यांनीच दिलं, 'पितृछाया'. त्याला पहिलं बक्षीस मिळालं. पंख उघडून, छातीशी अंडं धरून घरट्याच्या कडेला उभा असलेला नर. परीक्षक बोलले, बापाच्या मायेचं याहून सुंदर चित्र आपण पाहिलं नाही. टाळ्या झाल्या. आमची मराठी मंडळी आवर्जून आली होती, महाराष्ट्राचं नाव काढलंत म्हणाली. बँकवाले माझ्या डोळ्याला डोळा भिडवत नव्हते. त्यानंतर ते माझ्याबरोबर कधी तालावर आले नाहीत.

मुलगी नवा फ्रॉक घालून त्या फोटोखाली उभी होती आणि येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होती, "ये मेरे बाबा ने खींची है. इसके चार बच्चे हुए थे, चारों बच गए." एका बाईंनी कौतुकाने तिच्या गालाला हात लावला आणि माझ्याकडे वळून विचारलं, "सचमुच? चारों?"

मुलगी माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, "हाँ जी, चारों."