चौकातला फळा

आमच्या गावचा पेपर बंद पडला आणि तिथल्या सगळ्यांना एकदमच घरी बसवलं. त्यात वार्ताहर सुनंदाताईही होत्या. काल भाजी घेऊन परतताना पाहते, तर त्या चौकातल्या मंडळाच्या फळ्यावर खडूनं लिहीत होत्या. खानावळवाल्या शेवंताबाई गेल्याची बातमी. पेपरात यायची अगदी तशीच, ‘त्यांच्या पश्चात मुले, सुना, नातवंडे असा परिवार आहे’ इथपर्यंत.

मी थांबलेच. शहरातल्या पेपरात शेवंताबाईंना जागा नाही. मोबाइलवर हात जोडल्याचं चित्र टाकून लोक पुढे सरकतात. जिच्या हातचं अर्धं गाव जेवलं, तिचं जाणं ही बातमीच नाही, हे ठरवणारे तुम्ही कोण? गाव कधी न पाहिलेल्या शहरातल्या मालकांनी खुशाल पेपर बंद करावा; म्हणून गावात काही घडायचं थोडंच थांबतं!

टपरीवरचा चहावाला म्हणाला, “ताई, एक सर आली की सगळं पुसलं जाईल.”

सुनंदाताईंनी वळूनही पाहिलं नाही. “मग उद्या पुन्हा लिहीन. पेपर तरी रोज नवाच काढत होतो ना?”