पन्नीच्या घराची दोन दारं

माझ्या पॉलिहाऊसला दोन दारं होती, आणि त्या दोन दारांवरून मी एका बाईशी महिनाभर भांडले. आधी बाहेरचं दार, मग चार पावलांची मोकळी जागा, मग आतलं दार. बाहेरचं लावल्याशिवाय आतलं उघडायचं नाही, कीड शिरते. प्रशिक्षणात मिळालेल्या पुस्तिकेत हा नियम ठळक छापला होता, आणि मी त्याखाली लाल पेनाने रेघ मारली होती. बावीस वर्षं दिग्रसच्या शाळेत विज्ञान शिकवल्यावर लाल पेन हातातून सुटत नाही.

ती बाई म्हणजे आमच्या वावराला लागून असलेल्या बंजारा तांड्यावरच्या काकू. साठीच्या, काटक, बोलायला कमी. आमच्या घरात तीन पिढ्या कचेरीत गेल्या, नांगर कुणी धरला नाही. आमचं पाच एकर वावर काकूंच्या सासऱ्यापासून त्यांच्याच घरी मक्त्यानं. पाडव्याला वर्षभराचा ठराव करायचा, पुढच्या पाडव्याला पुन्हा बसायचं. आमच्याकडे शेतीचं वर्ष असंच पाडव्याला उलटतं.

मी नोकरी मुदतीआधी सोडली आणि शेती करायची म्हणून हट्ट धरला. विहिरीजवळच्या कोपऱ्यात पॉलिहाऊस उभं राहिलं, लोखंडी सांगाड्यावर प्लॅस्टिकची पन्नी ताणलेलं. तहसीलमध्ये अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेल्या बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि निकाल दिला.

"विहीर एक, वावर एक. दोघांच्या हाती देता येत नाही. पाडव्याले तुझ्या पन्नीच्या घरात काकडी दिसली, तर वावर तुले. नाही दिसली, तर ठराव पहिल्यासारखा."

म्हणजे मी जिंकले की काकूंचं वावर जाणार. हे त्यांना माहीत होतं, मला माहीत होतं, आणि तरी मी त्यांनाच रोजानं कामावर लावलं, कारण जवळपास दुसरं कुणी मिळेना. असले शहाणपणाचे निर्णय मी पहिल्यापासूनच घेत आले आहे.

रोपांपासूनच घोळ झाला. पॉलिहाऊससाठी काकडीचं वेगळं वाण असतं. रोपवाटिकेत गेले तर ते संपलेलं. माणूस म्हणाला, "ही घेऊन जा ना मॅडम, हेबी काकडीच आहे." मी घेतली. काकडी ती काकडी, असं मनाशी म्हणालेसुद्धा.

वसंत ऋतू आमच्याकडे फक्त पाठ्यपुस्तकात असतो. माघ सरला की ऊन्ह थेट डोक्यावर बसतं, आणि पन्नीखाली तर विचारू नका. आत पाऊल टाकलं की चष्म्यावर वाफ, पाठीवर घामाच्या धारा. पण वेल मात्र दोऱ्यांवरून सरसर चढले. पिवळी फुलं लागली, एवढी लागली की मी फोटो काढून शाळेतल्या जुन्या सहकाऱ्यांना पाठवले. मग मादी फुलामागची बोटाच्या पेराएवढी काकडी पिवळी पडायची, सुकायची आणि गळून जायची. सगळ्या ओळींत तेच. फक्त दाराजवळच्या आठ-दहा वेलांवर थोडी फळं धरली होती.

मी खत वाढवलं. मग कमी केलं. ठिबकचं पाणी सकाळऐवजी संध्याकाळी दिलं. दुकानदाराने सांगितलेली एक फवारणी केली, तिचा उपयोग होईना तेव्हा त्यानेच सांगितलेली दुसरी केली. दात-ओठ खाऊन गळलेल्या काकड्या वेचायच्या आणि टोपलं भरून बांधावर ओतायचं, हे रोजचं काम झालं.

आणि या सगळ्यात काकूंची दारं! मी स्कूटरवरून साडेआठला पोचायची, त्या सहाला येऊन कामाला लागलेल्या असायच्या, आणि दोन्ही दारं सताड उघडी.

"काकू, किती वेळा सांगितलं?"

"बंद घरात वेल धरत नाही मॅडम."

"हे घर वेगळं आहे. याचं शास्त्र असतं."

"असन," म्हणून त्या कामाला लागायच्या. दुसऱ्या दिवशी दारं पुन्हा उघडी. पालथ्या घड्यावर पाणी. माझ्या डोक्यात तिडीक जायची.

फाल्गुन लागला तसा पाडवा दिसायला लागला, आणि माझ्या मनात नको ते आलं. पीक बुडालं तर फायदा कुणाचा? काकूंचा. दारं कोण उघडी टाकतं? काकूच. हिशेब इतका सरळ लागला की एका सकाळी मी तो तोंडावर बोलून मोकळी झाले.

"माझी काकडी बुडावी म्हणूनच दारं उघडी ठेवता ना तुम्ही?"

काकूंनी हातातला दोरा खाली ठेवला. माझ्याकडे बघितलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"कुलूप लावा मंग," म्हणाल्या.

मी लावलं. किल्ली माझ्या पर्समध्ये. आता काकू सकाळी येऊन विहिरीच्या कठड्यावर बसून राहायच्या, मी आले की मागोमाग आत यायच्या, दार ओढून घ्यायच्या. एकदाही चुकल्या नाहीत. आठवड्याभरात दाराजवळच्या वेलांवरही नवी फळं धरायची थांबली. मग तांड्यावर होळीची लेंगी गाणी सुरू झाली आणि काकू यायच्या बंद झाल्या.

होळीच्या दिवशी सकाळी मी तणतणत तांड्यावर गेले. सण असो नसो, पंधरा दिवस उरले होते. काकूंच्या घरी कुणी बाहेर दिसेना. मी दारातल्या बांबूच्या मांडवाखाली उभी राहिले आणि हाक मारायला तोंड उघडलं, ते तसंच राहिलं.

मांडवावर काकडीचा वेल होता. खाली भांडी घासल्याचं पाणी सोडलेलं, बाकी ना खत ना फवारणी. आणि वेलाला काकड्या लोंबत होत्या, हिरव्यागार, वीतवीतभर. सगळ्या वेलावर गुणगुण चालली होती. एक मधमाशी माझ्या डोळ्यांदेखत एका फुलातून निघाली, पाय पिवळे झालेले, आणि पुढच्या फुलात शिरली.

बावीस वर्षं मी फळ्यावर हे चित्र काढलं होतं. नर फूल, मादी फूल, परागकण, मधमाशी. रंगीत खडूंनी. 'परागीभवन झाले नाही तर काय होईल?' हा प्रश्न मी दरवर्षी परीक्षेत घालायची, दोन गुणांचा. जी पोरं उत्तर लिहीत नसत त्यांना वर्गात उभं करायची. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! पॉलिहाऊसच्या खास वाणाला मधमाशी लागत नाही, म्हणून तिथे दारं बंद ठेवून चालतं. मी वाण बदललं आणि नियम तोच ठेवला. त्यावर कुलूप घातलं.

काकू बाहेर आल्या.  मांडवावरची एक काकडी तोडली, चिरून मीठ लावून हातात दिली. मी ती खाल्ली. 

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हटलं.

"सांगतलं होतं ना मॅडम."

दुसऱ्या दिवसापासून आम्ही दोघी पहाटे उजाडताच आत असायचो. दोन्ही दारं उघडी, बाजूची जाळीही वर गुंडाळलेली. माश्यांची वाट बघायला वेळ नव्हता, म्हणून नर फूल तोडायचं, पाकळ्या मागे दुमडायच्या, आणि मादी फुलाला अलगद टेकवायचं. एकेक फूल. ऊन्ह चढेपर्यंत. काकूंची बोटं माझ्यापेक्षा दुपटीने चालायची. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पेराएवढ्या काकड्या पिवळ्या न पडता फुगायला लागल्या. मला आनंद व्हायला हवा होता. पण त्यांना वाकलेलं बघितलं की मी मान फिरवायची.

एकदा विचारलंच. "काकू, काकडी धरली तर वावर तुमच्याकडून जाईल. माहीत आहे ना? मग काहून करता?"

"मालूम आहे. मंग वेल उपाशी ठेवू का?" त्यांनी पुढचं फूल तोडलं. "तिकडली ओळ राह्यली, ऊन्ह होऊन राह्यलं."

पाडव्याला घरची गुढी उभारून बाबा रिक्षाने वावरात आले. काठी टेकत एकेका ओळीतून हिंडले. एक काकडी हातात धरून वजन केल्यासारखी तोलली. काकू टोपलं घेऊन बाजूला उभ्या होत्या, सणाचं लुगडं नेसून. ठरावाला दरवर्षी नेसून यायच्या तशाच.

"ठीक आहे," बाबा म्हणाले. "बोलल्याप्रमाणे. वावर तुझं."

तेव्हा बोलायला हवं होतं. या काकड्या कुणाच्या हातच्या आहेत, ते सांगायला हवं होतं. अख्खा वर्ग ऐकेल असा माझा आवाज, सगळी शाळा मला आवाजावरून ओळखायची. मी तो काढला नाही. कारण वावर मला हवं होतं. हेच खरं कारण, दुसरं नाही. बाबा रिक्षाकडे वळले, मी त्यांच्यामागे निघाले.

काकूंनी टोपलं डोक्यावर घेतलं, बाहेर आल्या, आणि सवयीने दाराला हात लावून थांबल्या.

"मॅडम, लावू का उघडं ठेवू?"

"उघडं राहू द्या," मी म्हटलं. तेवढंच म्हटलं.