खांबात गेलेला गूळ

ती घटना आठवली की आजही डोळ्यांसमोर आधी मुंग्यांची रांग येते.

सत्तरच्या दशकात मी कडेगाव भागात फौजदार होतो. तिथल्या एका सोसायटीच्या गोदामापुढे लोखंडी शेड उभी राहत होती. नेहमीच्या अँगलऐवजी चौकोनी पोकळ नळ्यांचे खांब होते आणि ते जोडायला माधवनगरचा मिस्त्री आला होता.

सोसायटीचे सेक्रेटरी ठाण्यात आले. गोदामातला गूळ चोरीला जातो, संशय हमालावर, अशी तक्रार त्यांनी दिली. "त्याला आता काढणारच," असंही बजावलं. गोदामावर चारचौघांत त्याला चोर म्हणूनच ते आले होते. हमाल उतारवयाचा, सगळ्यांचा तात्या. सारी हयात त्याच दारात गेलेली.

ठाणे अंमलदाराने तक्रार नोंदवली. हवालदाराला घेऊन मी निघालो. माझा क्रम ठरलेला असे: आधी जागा, मग वस्तू, माणसं शेवटी. गोदामाचं कुलूप शाबूत होतं. आल्यागेल्याला गूळ-पाणी द्यायची तिथली रीत, म्हणून दाराशी पाण्याच्या पिंपावर एक ढेप फोडून ठेवलेली असे. कमी होत होती ती तीच. तात्या मात्र दिवसभर आत पोती लावण्यात गुंतलेला.

त्याला बाजूला घेऊन विचारलं, "तात्या, गूळ घरी नेता का?"

"माझ्या भावाचं गुऱ्हाळ हाय, सायेब. चोरायचा तर तिथनं चोरीन की!" मग त्याचा आवाज उतरला. "कामावरनं काढलं तर काढू द्या. पर चोर म्हणून नगं."

बाहेर चहाच्या गाड्यावरच्या मावशीने मला खुणेनं बोलावलं. "आवं सायेब, माणसं काय धुंडताय? मुंग्या बघा. खांबात शिरत्यात."

खरंच. प्रत्येक खांबाला वरच्या जोडाजवळ तळहाताएवढी खिडकी कापली होती आणि मुंग्या ओळीनं तिकडे चढत होत्या.

"मुद्देमाल आत दडवलाय, साहेब," हवालदार खुशीत म्हणाला. "खांब कापू या!"

मिस्त्रीला शिडीवरून उतरवलं. "खांबात गूळ कोणी लपवला?"

"लपवला कुठं? लावला!" त्याला हसू आवरेना. "बोल्ट भाईरनं घालता येतोय, पर नट आतनं धराय लागतोय. नळी पोकळ. पान्यातनं नट सुटला की गेला तळाला, पुना गावत न्हाई. म्हणून गूळ चेपायचा."

"मग ग्रीस का नाही?"

"ग्रीस घसरतंय. गूळ धरतोय."

शिडीवर चढून त्याने करूनच दाखवलं. पान्यात गूळ दाबला, नट चिकटवला, हात खिडकीत घातला. बाहेरून बोल्ट फिरवताच नटाने आटे पकडले.

"पण न विचारता घेतलास?"

"पिंपावरचा गूळ कुणी इचारून घेतंय व्हय?"

सेक्रेटरी उसळले, "अरं, त्यो खायला ठिवलाय, नटाला चारायला न्हाई!"

यावर मावशीसकट सगळे हसले, शेवटी सेक्रेटरीही. मी जबाब घेतले. चोरीचा प्रकार नसल्याने तक्रार निकाली निघणार होती. सेक्रेटरी आत वळले, तेव्हा मी त्यांना थांबवलं. "तात्याला चोर म्हणालात ते चारचौघांत. ते पुसायचंही इथंच."

ते पिंपाकडे वळले. मग स्वतः तांब्या भरला, गुळाचा खडा घेतला आणि तात्यापुढे धरला. "तात्या, चुकलं माझं. उद्या येळंवर ये."

तात्या पाणी प्याला. खडा त्याने मिस्त्रीच्या हातात ठेवला. "धर रं गड्या. तुजं खांब ऱ्हायल्यात अजून."

वस्तू कोणी नेली हे विचारण्याआधी ती तिथे कोणाच्या कामाची आहे हे बघावं, एवढं मी त्या दिवशी शिकलो. पुढे चोरीच्या अनेक तपासांत ते उपयोगी पडलं. माझा हवालदार मात्र त्यानंतर कुठल्याही पंचनाम्याला गेला, की आधी खाली वाकून मुंग्या शोधायचा.