गच्चीवरचा घोडेस्वार

लेक उझबेकिस्तानात डॉक्टरकी शिकते. सुट्टीत शहाद्याला आली तेव्हा तिच्या तिकडच्या घरमालकिणीने पाठवलेली पितळी मूर्ती तिने माझ्या हातात ठेवली. घोड्यावर बसलेला त्यांचा जुना विजेता. तिकडे चौकात पुतळा, नोटेवर चित्र, सगळीकडे तोच म्हणे. आणि याच माणसाने दिल्लीत मुंडक्यांचे ढीग रचले, हे मी शाळेत तीस वर्षं दातओठ खात शिकवलेलं! तो माझ्या शोकेसमध्ये? माझं डोकंच फिरलं.

"पोरले कावीळ व्हयनी तवय त्या बाईनी महिनाभर जीव लाया, नि तुमी मूर्तीवर राग काढी ऱ्हायनात!" बायको म्हणाली. ती माहेरची सुरतेची, पण रागावली की आमची अहिराणी फाडफाड बोलते.

मी ऐकलं नाही. शेवटी तिने मूर्ती गच्चीवर नेली. तिथे मिरच्या वाळत होत्या आणि वाऱ्याने खालचं प्लास्टिक उडत होतं. एका कोपऱ्यावर तिने विजेत्याला वजन म्हणून बसवलं. मी जाम खूश झालो.

रविवारी मालकिणीचा व्हिडिओ कॉल आला. पहिलाच प्रश्न, मूर्ती कुठे ठेवली? माझी पाचावर धारण बसली. जिने माझी पोर वाचवली, तिचं मन मी मोडणार होतो. धावत गच्चीवर गेलो, मूर्ती लुंगीने पुसली आणि शिंकत शिंकत शोकेसमध्ये ठेवली. घोड्याच्या शेपटीत मिरचीचं बी तसंच राहिलं.

बाई हरखली. मग तिने भिंतीवरच्या तसबिरीकडे बोट केलं. हा घोड्यावरचा कोण?

आमचा राजा! मी खुललोच. किल्ले, गनिमी कावा, आणि हातवारे करत सुरतेची लूट. लेक जमेल तसं भाषांतर करत होती.

"चांगला होता का?" बाईने विचारलं.

"फार!"

"आमचाही फार चांगला होता."

मी उसळलो. आमचा रयतेचा राजा, तुलनाच नको, असं सांगणार होतो. तेवढ्यात बायको हसत लेकीला म्हणाली, "तिले सांग, घोडावरना मानूस कसा व्हता, हाई ज्यासना गावले तो गया, त्यासले इचारनं पडस."

सुरतेच्या या माझ्या बायकोसमोर दर जयंतीला मी ती लूट रंगवून सांगत आलो. तिच्या गावात ती कशी सांगतात, हे एकदाही विचारलं नव्हतं. फार ओशाळलो. त्या संध्याकाळी चहा मी केला, तिच्यासमोर बसलो आणि विचारलं.