दीड दिवसाची सून

वसईजवळच्या उमेळ्याचं सासरचं घर मी सोडलं ते भर दुपारी. रिक्षा फाटकाशी उभी होती, दोन बॅगा आणि मिक्सर आत चढवून झाले होते, रिक्षावाला हॉर्नवर हॉर्न मारत होता. सासूबाई म्हणाल्या, "थांब, अशी रिकामी जाऊ नको." मला उंबऱ्याच्या आत बसवून त्यांनी माझी ओटी भरली. तांदूळ, नारळ, हळकुंड, सुपारी आणि वर वाडीतला सोनचाफा. आता बोला! नवऱ्याने टाकलेली बाई भाड्याच्या खोलीत राहायला निघालीय आणि सासू तिची ओटी भरतेय. मी इतकी रडले की रिक्षावाल्याने हॉर्न वाजवायचा थांबवला. "गणपतीला ये हो," सासूबाई म्हणाल्या, "तुझ्यावाचून पूजेला कोण बसणार?" मी मान हलवली. ती मान मला फार महागात पडली.

बायांनो, तुम्ही काही जणी तिकडे फलटणलाच राहिलात, काही लग्न करून पांगलात, तर एकदोघी लग्न मोडूनही. तुम्हा सगळ्यांना हे लिहितेय. शाळेच्या ग्रुपवर तुम्ही विचारता, "वैशू, कशी आहेस?" आणि मी अंगठा टाकते. तो अंगठा खोटा होता. आता कोर्टाचा कागद हातात आलाय, तेव्हा खरं काय ते सांगून टाकते. नंतर हळहळ वगैरे पाठवू नका. मला त्याचा वैताग येतो.

फलटण सोडताना आई म्हणाली होती, "पदरी पडलं आणि पवित्र झालं." तिला काय, पदरात काय पडतंय ते बघायला ती थोडीच येणार होती! माझ्या पदरी नितीन पडला. दिसायला बरा, बोलायला गोड. लग्नाला तीन वर्षं झाली आणि तो नोकरीला मस्कतला गेला. "दोन महिन्यांत तुझा व्हिसा करतो." ते दोन महिने दोन वर्षं चालले. मी आणि सासूबाई अशा दोघीच त्या घरात राहिलो. त्यांची घरची बोली मला सुरुवातीला ओ की ठो कळायची नाही. त्या काही सांगायच्या, मी भलतंच उचलून आणायचे, मग दोघी हसायचो. आमच्याकडे तळणीचे मोदक, त्यांच्याकडे उकडीचे. माझी उकड फाटली की म्हणायच्या, "फाटू दे, गणपती काय उलटून बघतो का?" राजेळी केळी उन्हात सुकवून सुकेळी करायला त्यांनीच मला शिकवलं. ऊन उतरायच्या आत परत घरात घ्यायची, नाहीतर ओल धरतात. कातडं पोळायचं माझं, पण शिकले.

मग एकदा व्हिडिओ कॉलवर नितीन बोलत असताना बाजूने एक हात आला आणि त्याच्यासमोर चहाचा कप ठेवून गेला. हातात हिरव्या बांगड्या होत्या. मी विचारलं, "कोण?" तो म्हणाला, "हे बघ, माझ्याकडून आता काही अपेक्षा ठेवू नको. आईजवळ राहायचं तर राहा, नाहीतर तुझी तू मोकळी." इतकं सरळ. भाजीवालासुद्धा याहून जास्त घोळवतो. ते ऐकून पंधरा दिवसांनी मी घर सोडलं.

विरार पूर्वेला चौथ्या मजल्यावर वन रूम किचन घेतलं. लिफ्ट आहे, पण ती मूडवर चालते. पाण्याचा टँकर आला की बिल्डिंगमधल्या सगळ्या बायका एकाच वेळी मशीन लावतात आणि मग लाइट जाते. एका दाताच्या दवाखान्यात रिसेप्शनला लागले. "सर रूट कॅनलमध्ये बिझी आहेत, आप बैठिए," असं दिवसभर. फलटणला मला 'जीभ आवर' म्हणायचे, इथे जिभेवरच पगार मिळतो. उमेळ्याला पहाटे कोकीळ, इथे शेजारच्या गुजराती काकूंचा कुकर. वाईट नव्हतं. उलट पहिल्यांदा दाराला आतून कडी लावली तेव्हा बाहेरून कुणी हाक मारली नाही, याचं मला बरंच वाटलं होतं.

पण गणपतीला मी जायचे. दीड दिवस. आदल्या दिवशी जाऊन नारळ खवायचे, सारण करायचे. नितीन मस्कतहून सुट्टी काढून यायचा, कारण घरचा गणपती कर्त्या मुलाने जोडीनेच बसवायचा, ही त्यांची रीत. माझ्याशी तो बोलायचा नाही, झोपायला माडीवर जायचा. मी सासूबाईंच्या खोलीत. सकाळी मात्र पाटावर शेजारी. गुरुजी म्हणायचे, "वहिनी, यजमानांच्या हाताला हात लावा." मी लावायचे. थंडगार हात असायचा त्याचा. नणंद, रेखाताई, सासूबाईंच्या मोबाइलवर फोटो काढायची, "वहिनी, जरा हसा की!" मी हसायचे. विसर्जन झालं की तो एअरपोर्टला, मी विरारला. अशी तीन वर्षं मी दीड दिवसाची सून झाले, आणि मनात म्हणायचे, बघा, त्याने सोडलं तरी मी कर्तव्य सोडलं नाही. काय तो तोरा माझा!

तिसऱ्या गणपतीनंतर वसईच्या एका वकीलबाईंकडे गेले. त्या छान समजावून सांगायच्या. म्हणाल्या, "घर तुम्ही सोडलंत, पण संसार त्याने सोडला. उंबरा कोणी ओलांडला याला कोर्टात फारसं महत्त्व नाही. सोडून गेल्याच्या कारणावर अर्ज करू." नोटीस पाठवली. उत्तर आलं त्याला तीन फोटो जोडलेले. तीन गणपती, तीन साड्या, आणि तिन्हींत माझा हात त्याच्या हातावर. खाली लिहिलेलं, की उभयतांचा संसार सुरळीत असून पत्नी केवळ नोकरीसाठी विरारला राहते, दरवर्षी एकत्र राहून धार्मिक विधी करते.

वकीलबाईंनी चष्मा काढला. "हे तुम्ही मला सांगितलं नाहीत."

"मला वाटलं ही चांगली बाजू आहे माझी," मी म्हणाले.

"सलग दोन वर्षं लागतात, ताई. एवढ्याने सलगपणा मोडतोच असं नाही, पण समोरचा हेच धरून बसणार आणि तुमची वर्षं जाणार. आणि यात हसताय किती!"

करायला गेले एक आणि झालं भलतंच. माझी चांगुलपणाची हौस माझ्याच गळ्याशी आली. त्यापेक्षा जास्त राग मला सासूबाईंचा आला. ती ओटी, ते 'तुझ्यावाचून कोण', तो सोनचाफा! म्हातारीने मला नारळासारखं फोडून खाल्लं, असं मी शेजारच्या काकूंना तावातावाने सांगितलं. नितीनला घटस्फोट का नको होता तेही मग कळलं. तिकडे चहा द्यायला एक हात, इकडे देवापुढे धरायला एक हात. दोन्ही हात असताना कोण कशाला सोडेल?

वकीलबाईंनी सांगितलं, "आता नव्याने दोन वर्षं. तो त्या घरात असेल तेव्हा पाऊल ठेवायचं नाही. सण नाही, लग्न नाही, कार्य नाही." मी म्हटलं, मयताला? त्यांनी फाइल बंद केली. मग म्हणाल्या, "ते तुमच्यावर."

पुढच्या गणपतीला सासूबाईंचा फोन आला, मी घेतला नाही. त्यानंतरच्या उन्हाळ्यात त्यांनी सुकेळी पाठवली, ती मी दवाखान्यात वाटून टाकली. एकही तोंडात घातली नाही. दोन वर्षं भरायला दोन महिने राहिले होते तेव्हा रेखाताईचा फोन आला. सासूबाईंना अर्धांगाचा झटका आला होता. दवाखान्यातून घरी आणलं होतं, डॉक्टरांनी हात टेकले होते. "वहिनी, आईची वाचा गेलीय, पण तुमचं नाव तेवढं निघतं. वैशाली, वैशाली करते. सुनेच्या हातचं तुळशीचं पाणी मिळू दे तिला. दादा पण आलाय."

दादा पण आलाय. तिथेच माझे कान टवकारले.

मी म्हणाले, "हो का? आणि फोटो कोण काढणार?"

पलीकडून फोन बंद झाला.

विरारहून उमेळे ते किती! रिक्षा सरळ मिळाली असती तर तासाच्या आत पोचले असते. मी पर्स उचलली होती, खोटं कशाला बोलू. चपलाही घातल्या. मग चपला काढल्या आणि भांडी घासायला बसले. घासलेली भांडी परत घासली. तीन दिवस म्हातारीचा जीव अडकून होता. तिसऱ्या दिवशी गेली. मी अंत्ययात्रेला गेले नाही, दहाव्याला नाही, तेराव्यालाही नाही. फलटणहून आईचा फोन आला, "अगं, वैऱ्याच्याही मयताला जातात." मी म्हणाले, "वैरी वकिलाला फोटो देत नाहीत." तेव्हा मला ते उत्तर फार झणझणीत वाटलं होतं.

दोन वर्षं भरली आणि अर्ज केला. तारखा पडत गेल्या. शेवटी नितीनची साक्ष झाली. त्याच्या वकिलाला मला दगडाच्या काळजाची ठरवायचं होतं. त्याने नितीनला विचारलं, आईच्या शेवटच्या दिवसांत पत्नी आली होती का, आणि नितीन माझ्याकडे बोट दाखवून ओरडला, "तिसऱ्या गणपतीनंतर ही एकदाही आमची पायरी चढली नाही! माझी आई तिचं नाव घेत मेली, ही मरणालासुद्धा आली नाही!"

मी मान खाली घातली, लाज वाटली म्हणून. वकीलबाई माझ्या कानाशी आल्या आणि हळूच म्हणाल्या, "झालं. तोच म्हणतोय एकत्र आला नाहीत. आता त्याला फिरता येणार नाही." आणि तसंच झालं. मी जन्मात केलेली सगळ्यात वाईट गोष्ट माझ्या सगळ्यात जास्त उपयोगी पडली. घटस्फोट मिळाला.

निकालाच्या दिवशी बाहेर जिन्यात रेखाताई भेटली. तिचे डोळे कोरडे होते. म्हणाली, "वहिनी, एवढं ऐकून जा. ते फोटो आईच्या मोबाइलमध्ये होते. दादाने मागितले तेव्हा तिने विचारलं, कशाला रे? तो म्हणाला, मोठी फ्रेम करतो. नोटिशीचं तिला कुणीच सांगितलं नाही. वाचा जाईपर्यंत ती विचारत होती, फ्रेम झाली का, वैशालीला दाखवली का." ती जिना उतरून गेली. तिने मला 'वहिनी' म्हटलं ते शेवटचंच.

बायांनो, तुम्ही विचाराल, आता तुझं घर कुठलं? आधार कार्डावर विरार आहे. किल्ली माझ्याकडे आहे, कडी आतून लागते, कुणाच्या हाताला हात लावायचा नाही. हे मला हवं होतं आणि ते मी मिळवलं, त्याबद्दल रडणार नाही. फलटणला मी माहेरवाशीण म्हणून चार दिवस राहू शकते, पाचव्या दिवशी भावजयीचा चेहरा बदलतो. उरलं उमेळे. तिथे आता कुलूप आहे, केळी कुणी बघत नाही, गणपतीही बसत नाही. कारण जोडी नाही.

यंदा बाजारातून राजेळी आणली आणि गॅलरीत सुकवायला घातली. चौथ्या मजल्यावर ऊन असतं जेमतेम दोन तास. ऊन उतरायच्या आत उचलायची विसरले आणि सगळ्यांनी ओल धरली. मी मोठ्याने हाक मारली, "आई, आता काय करू हो?" फलटणच्या आईला नाही. तिला सुकेळी येत नाही.